बावीस मिनिटं

दिवा गावातून बोलणाऱ्या चंदूच्या नावापुढे मालूनं टिक केली, माइकचं बटण दाबलं आणि विचारलं, "चंदू, आज तरी पाणी आलं का? ओव्हर."

बटण सोडल्यावर थोडी खरखर झाली, मग चंदूचा आवाज खोलीत आला.

"आलेलं ताई, पण मी ऑफिसात असताना. शेजारच्यांनी दोन हंडे भरून ठेवलेत. त्यात आंघोळ करू की डाळ शिजवू, तेच ठरवतोय. ओव्हर."

"डाळ शिजव रे. आंघोळ नाही केलीस तरी रेडिओवर वास येत नाही," कल्याणचा जगन मधे घुसला. ओव्हर म्हणायची त्याला सवयच नव्हती.

संध्याकाळी सातचं नेट, म्हणजे वायरलेसवरची ही रोजची बैठक, असंच चालायचं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, दिवा, मोहने मिळून बारा माणसं. सरकारी परीक्षा देऊन वायरलेसचा परवाना काढलेली, गच्चीवरच्या अँटेनापायी सोसायटीशी वाकडं घेतलेली. सातला जो तो आपापल्या सेटपुढे बसायचा, कंट्रोलवरचा माणूस एकेकाचं नाव पुकारायचा, आणि मग कुणाच्या पायाचं प्लास्टर निघालं, कुणाची मुलगी गणितात गचकली, कोलंबी कितीला मिळाली, असल्या गप्पा व्हायच्या. वर्षातून एकदा सगळे ठाण्याला भेटायचे आणि एकमेकांचे चेहरे बघून जरासे हिरमुसायचे, कारण आवाजावरून प्रत्येकानं काहीतरी भलतंच ठरवलेलं असायचं. दोन वर्षांपासून कंट्रोल डोंबिवलीच्या मालूकडे होता.

"ठाणे, भिवाजीकाका," तिनं पुकारलं.

"गुड इव्हनिंग मालूताई, गुड इव्हनिंग मंडळी. टेंभी नाक्यावर देवी बसली आहे, त्यामुळे माझ्या आवाजाबरोबर लाउडस्पीकरही ऐकून घ्यावा लागेल. प्रकृती उत्तम. बहिणीनं पान वाढलेलं आहे, तेव्हा हजेरी लावून रजा घेतो. ओव्हर."

मालूनं त्यांच्या नावापुढे टिक केली. ही टिक नेहमी जरा दाबून व्हायची, मागच्या पानावर उमटायची.

भिवाजीकाका सत्तरीचे. नौदलात वायरलेसवर नोकरी केलेले, मूळचे ठाण्याच्या कोळीवाड्यातले, पण रेडिओवर बोलताना एक अक्षर इकडचं तिकडे होऊ न देणारे. नेटवरचे सगळे त्यांना मानायचे. मालूही गोड बोलायची. आत मात्र तिनं या माणसावर तीन वर्षं डूख धरला होता, आणि कंट्रोलचं काम काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं मागून घेतलं, ते काही सेवाभावानं नव्हे. कधीतरी काकांचं काहीतरी आपल्या हातात येईल आणि तेव्हा आपण तिथे असायला हवं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

"मोहने, विठ्ठलराव," ती म्हणाली आणि तिनं बटण सोडलं.

विठ्ठलरावांचा आवाज आला नाही. ताट सरकवल्याचा आवाज आला. मागे लाउडस्पीकर, आणि मग भिवाजीकाका, अगदी जवळून, मोठ्यानं:

"रंगू, अगं भाकरी अजून एक दे."

मालूची पेन्सिल हातातच राहिली.

या सेटची गंमत अशी की बटण दाबलेलं असेपर्यंत त्याच्यावर लाल बत्ती पेटते आणि माणूस बोलू शकतो, पण ऐकू काहीच शकत नाही. माइक कुठे उशीखाली, पेपराखाली सरकला आणि बटण अडकलं, की त्याचं सगळं घर हवेत जातं आणि त्याला सांगायला कुणी पोचू शकत नाही. त्यासाठी नेटचा रिवाज ठरलेला होता. सगळ्यांचे फोन नंबर फक्त कंट्रोलच्या वहीत. कंट्रोलनं ताबडतोब फोन करून सांगायचं. बाकीच्यांनी तोवर ठरलेल्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर निघून जायचं. दुसऱ्याच्या घराला कान लावून बसायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका मंगळवारी मालूचं बटण असंच अडकलं होतं. माइक खुर्चीच्या गादीखाली गेला होता, सेटकडे तिची पाठ होती आणि तिला पत्ता नव्हता. ती नवऱ्याशी भांडत होती. तिची आई, जनाबाई, कोळीवाड्यात एकटी राहायची. ओट्यावरून पडून तिचा खुबा दुखावला होता. दोन महिने आईला इथे आणू द्या, एवढंच मालूचं म्हणणं होतं. कुंडलिकचं म्हणणं, जागा नाही. त्याची स्वतःची आई तेव्हा त्याच घरात पलंगावर बसून सगळं ऐकत होती. मालूचा तोल गेला. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीत आणि नेटवर ती जे घोटीव मराठी बोलायची, ते बाजूला पडलं आणि ती माहेरच्या बोलीत ओरडली.

"तुमची आय घरान चालते, न माजी आय कनाला चालत नाय? ती काय मावरां हाय, वास येतंय तिचा तुमाना?"

आईला मासळीची उपमा, आणि त्याहून वाईटही बरंच. रडली, सासूला नाही नाही ते बोलली, पाया पडते म्हणाली. माइक सापडला तेव्हा सेट तव्यासारखा तापला होता. तिनं बटण सोडवलं. मग कंट्रोलवरून भिवाजीकाका म्हणाले, "मालूताई, फ्रिक्वेन्सी मोकळी झाली. आभारी आहे. ओव्हर." बस, एवढंच. किती वेळ चाललं होतं ते तिला नंतर जगननं सांगितलं. बावीस मिनिटं. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर कुणीही गेलं नव्हतं.

त्या डिसेंबरात ठाण्याच्या भेटीत जगननं 'मावरां हाय' म्हणून तिची नक्कल केली. लोक तोंडावर हात ठेवून हसले. भिवाजीकाका उठून बाहेर गेले. ना जगनला गप्प केलं, ना तिच्याकडे पाहिलं. जगनचं तिला फारसं वाटलं नाही, तो मुळातच वाह्यात. पण काका कंट्रोलवर होते. नंबर त्यांच्या वहीत होता. एक फोन केला असता तर पहिल्या दोन मिनिटांत सगळं थांबलं असतं. आपल्याच कोळीवाड्यातला माणूस, बोलीतला शब्द न् शब्द त्याला कळत होता, आणि तो बसून ऐकत राहिला.

त्या मंगळवारनंतर मालूनं घरात आईचं नाव काढलं नाही. कुठल्या तोंडानं काढणार? जनाबाई मार्गशीर्षात गेली, शेजारणीच्या हातचं पाणी पिऊन. आई गेल्यावर मालू चार महिने नेटवर आली नाही. आली तेव्हा दोघातिघांनी तिला सांगितलं की तुमचे साहेब फार शांत माणूस हो. ते खरं होतं. एरवी कुंडलिक ताटलीसुद्धा भिरकावायचा, पण त्या दिवशी एकदाही त्यानं आवाज चढवला नव्हता. निदान त्यानं तरी आपली लाज राखली, असं मालू धरून चालली, आणि त्या एका गोष्टीपायी त्याच्या पुष्कळ गोष्टी पोटात घालत आली.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून नऊ मिनिटं. रिवाजाप्रमाणे फोन करायला हवा होता. तिनं वही मिटली आणि हाताची घडी घालून बसली.

सेटवरून काकांचं घर ऐकू येत होतं. रंगूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून सगळं मोठ्यानं. भाकरी, मग ताक, मग मांजराला हाड्हाड्. मालूनं बटण फिरवून दुसरी फ्रिक्वेन्सी लावून पाहिली; तिथे शुकशुकाट. म्हणजे आजही सगळे इथेच होते, कान लावून. ती परत आली.

"सगळे आज लवकर गप झाले," काका बहिणीला सांगत होते. "देवीला गेले असतील."

सात वीस. माणसाच्या घरात काहीतरी असतंच, याची मालूला खात्री होती. बहिणीवर खेकसेल, नेटवरच्या लोकांना शिव्या देईल, काहीतरी. पण काका बहिणीला औषधाची गोळी कुठली ते सांगत होते. पिवळी नाही, पांढरी. मग दोघं देवीच्या रांगेबद्दल बोलली. मालूला राग यायला लागला. या घरात ऐकण्यासारखं काही नव्हतंच. असंच चाललं तर बावीस मिनिटं संपतील आणि उद्या लोक म्हणतील, काका किती साधे हो घरी.

आपोआप काही निघणार नसेल तर काढायला हवं होतं. तिनं सेटचा आवाज अगदी बारीक केला, म्हणजे फोनमधून काकांना स्वतःचाच आवाज ऐकू जाणार नाही. वही उघडली आणि नंबर फिरवला. काकांच्या घरातली घंटी तिला दोन्हीकडून ऐकू आली, रिसीव्हरमधूनही आणि सेटमधूनही.

"हॅलो," काका म्हणाले.

"काका, मी मालू बोलतेय."

"अगं मालूताई. काय, नेट आवरलं का? इथे काही ऐकू येईना."

"हो, आज लवकर आवरलं. म्हटलं, जरा तुमच्याशी बोलावं."

हे तिनं इतक्या सहज म्हटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. तिचं बोलणं नेटवर कुणाला ऐकू जाणार नव्हतं, फक्त काकांचं. म्हणजे विचारायचं असं की त्यांच्या एकट्याच्या उत्तरातून सगळं उघडं पडावं. आणि रेडिओवरच्या मराठीत हा माणूस काही कबूल करायचा नाही. तिनं आवाज खाली आणला.

"काका, येक इचारू? खरां सांगाल?"

दोघं सात वर्षं रोज बोलत होती, पण या बोलीत एकदाही नाही.

"इचार ना, पोरी," काका म्हणाले.

"त्या दिसाला माजा बटन अरकलेला. तुमी कंट्रोलवर व्हते. मना फोन कनाला नाय केला?"

दहा घरांत, मोहन्यापासून दिव्यापर्यंत, लोक श्वास रोखून बसले असतील, हे तिच्या मनात आलं आणि तिला फार बरं वाटलं. आता काय म्हणतो? विसरलो म्हणतो, की नंबर सापडला नाही म्हणतो? का खरंच सांगतो, की ऐकायला मजा वाटली?

"फोन नाय केला, असा कोन बोल्ला तुला?" काका म्हणाले.

मालूनं उघडी वही बाजूला सारली.

"केला व्हता. पयल्या दोन मिन्टातच केला. तुजे घोवानं उचलला, कुंडलिकरावानी. मी सांगलां, साहेब, मालूचा माइक दबलाय, तुमचे घरातला सगला आयकू येतंय, तिला जाऊन सांगा. तं तो मना बोल्ला, म्हायत हाय, लाल बत्ती दिसतेय मना. र्‍हाव दे. जरा आयकू दे तुमचे मंडलीला, तिचा आवाज कवरा चढतो तो. मंग व्हईल तिचा रेडिओ बंद."

मालूनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्यानं काही फरक पडणार नव्हता.

"मी परत केला फोन," काका सांगत होते. "दोनदा. त्यानं रिशीवर काढून ठेवलेला. मंग मी काय करनार, ठान्याशी डोंबिवलीला धावत येऊ? न नंतर तुला सांगू तरी काय? तुजा संसार. मीच सेटवर बसून कान झाकून व्हतो. त्या जगनला कानफटीत मारायची व्हती मना त्या दिसाला, पन तू तिथं उभी. म्हनून बाहेर गेलो."

त्या मंगळवारी फोन वाजला होता. मधल्या खोलीत. कुंडलिक उठून गेला होता आणि परत येऊन तिच्या समोर खुर्ची ओढून बसला होता, पायावर पाय टाकून. "मालू, तू शांतपणे सांग बघू, तुझं नेमकं म्हणणं काय आहे," असं म्हणाला होता. आईबद्दल तिला झोंबेल असं एक वाक्य तो हळूच म्हणायचा आणि थांबायचा. ती ओरडायची. तो पुन्हा हळूच एक वाक्य म्हणायचा. त्याच्या त्या मऊ आवाजाचे तिनं तीन वर्षं उपकार मानले होते.

"मालू? हायस ना?"

"हो," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा नेटवरचा झाला होता. "काका, तुमचा माइक बघा. पेपराखाली असेल कुठेतरी. बटण दाबलेलं आहे."

लाउडस्पीकरवर कुणाची तरी चप्पल हरवल्याचं सांगत होते.

"केव्हापासून?" काकांनी विचारलं.

"तुम्ही जेवायला बसल्यापासून."

"म्हणजे हे आत्ताचं आपलं..."

"हो. सगळ्यांनी ऐकलं."

तिनं मुद्दाम केलं, हे काकांच्या लक्षात आलं असणार. वायरलेसवर आयुष्य काढलेला माणूस, त्याला एवढं कळत होतं. ते रागावले असते तर मालूला सोपं गेलं असतं.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. लगेच सेटवरचा लाउडस्पीकर तुटला, काकांचं घर गेलं, आणि मोकळ्या फ्रिक्वेन्सीची खरखर सुरू झाली.

कुणी बोलेना. जगनसुद्धा नाही. मालूनं सेटचा आवाज पूर्ववत केला. आपण काकांना उघडं पाडायला निघालो आणि आपलंच घर पुन्हा चव्हाट्यावर मांडलं, ते कळायला तिला फार वेळ लागला नाही. त्याची लाज वाटायला हवी होती. ती आपल्या आत लाज शोधत राहिली आणि तिला नुसती आई दिसत राहिली, कोळीवाड्यातल्या त्या बाजेवर, दाराकडे डोळे लावून.

"ताई," अखेर चंदू म्हणाला, अगदी हळू, "नेट बंद करायचं का? ओव्हर."

मालूनं माइक उचलला. बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात खाली फाटकाचा कडी-कोयंडा वाजला. कुंडलिकची स्कूटर. सध्याच्या पाळीत कारखान्यातून यायची त्याची ही वेळ.

"नाही," ती म्हणाली. "कुणी जाऊ नका. फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा आणि मधे कुणी बोलू नका. भिवाजीकाका, तुम्हीही थांबा. ओव्हर."

"थांबलोय," काकांचा आवाज आला. मग एकामागून एक, कल्याण, मोहने, दिवा, सगळ्यांनी तेवढंच सांगितलं.

कुंडलिक जिना चढून आला तेव्हा मालू खुर्चीतच होती. माइक टेबलावर, खोलीकडे तोंड करून, त्याच्यावर तिचा हात. हजेरीची वही तिनं सेटला उभी टेकवली होती. लाल बत्ती वहीच्या मागे गेली होती.

"अजून चाललीच आहे का तुझी बडबड?" त्यानं बूट काढत विचारलं.

"संपलं. बसा ना जरा."

"चहा टाक आधी."

"टाकते. एक विचारायचं होतं." ती मऊ आवाजात बोलत होती, घाई नसल्यासारखी. "तीन वर्षांपूर्वी, आईला आणण्यावरून आपलं भांडण झालं, त्या दिवशी मधेच एक फोन आलेला. कुणाचा होता?"

कुंडलिकच्या हातातला बूट तसाच राहिला. त्यानं सेटकडे पाहिलं. तिथे वही होती.

"कसला फोन? मला काय आठवतंय."

"भिवाजीकाकांचा होता ना?"

"त्या म्हाताऱ्यानं सांगितलं वाटतं तुला." त्यानं बूट खाली टाकला. त्याचा आवाज चढायला लागला होता. "हो, होता. मग? केला होता फोन त्यानं. आणि मी सांगितलं, ऐकू दे. तुझं ते कोळणीसारखं ओरडणं ऐकू दे सगळ्यांना. रोज सात वाजले की मला चहा नाही, पाणी नाही, आणि तू इथे बसून शहाण्यासारखी बोलणार. तुला खाली आणायलाच हवं होतं. आणि तुझी आई आली असती तर मरेपर्यंत इथून हलली नसती, ते तुला..."

मालूचं बोट बटणावर घट्ट होतं. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"जरा मोठ्यानं बोला ना," ती म्हणाली. "पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही."